जोशींच्या नावाची वीज

फोन उचलला की मी आधी विचारते, "लाइट गेलीय का?"

बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही, पण जाणार म्हणतात."

मग माझा दुसरा प्रश्न, "कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

इथे फोनवर शांतता पसरते. ही शांतता आता माझ्या चांगलीच ओळखीची झाली आहे. ती जितकी लांब, तितका पुढचा गोंधळ मोठा.

कामाचे अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. असे लेख निवृत्त लोक लिहितात, शाल पांघरलेल्या फोटोसकट. मी अजून तिशीचीही नाही. पण थकायला निवृत्त व्हावं लागत नाही, एवढं या कामाने लवकर शिकवलं.

काम असं आहे. तोक्योच्या कोतो भागात, एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, ग्राहकांना मदत करणारी आमची छोटी संस्था आहे. परदेशी लोकांचे फोन मी घेते. मराठी, हिंदी, इंग्रजी, जपानी, जे येईल ते. उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. पत्रकं लिहायची सवय ओसाकाला शिकत असतानाची. तिथे आम्ही काही मुलं भाडेकरूंच्या हक्कांबद्दल स्टेशनबाहेर कागद वाटायचो. लोक अदबीने घ्यायचे आणि पुढच्या कोपऱ्यावर घडी घालून बॅगेत टाकायचे. इथे रस्त्यावर कचरापेटी नसते, म्हणून माझा मजकूर निदान घरापर्यंत तरी पोचायचा.

इथले माझे वरिष्ठ ओगावा-सान. माझ्या प्रत्येक पत्रकावर त्यांची लाल पेन्सिल फिरते. मी लिहिते, "नफेखोर कंपन्यांच्या बेजबाबदारपणामुळे." ते खोडतात आणि म्हणतात, "केतकी-सान, राग काढा, फोन नंबर मोठा करा." ते बरोबर असतात. म्हणून जास्त राग येतो.

आता धंदा समजावून सांगते, कारण भारतातल्या वाचकांना हे अजब वाटेल. इथे वीज बनवणारे वेगळे, तारांमधून ती घरापर्यंत आणणारे वेगळे आणि तुम्हाला बिल पाठवणारे वेगळे. हे बिल पाठवणारे म्हणजे विजेचे दुकानदार. काही वर्षांपूर्वी हे दुकान कुणालाही टाकता येईल असा कायदा झाला आणि जो उठला त्याने टाकलं. मोबाइलवाले, गॅसवाले, कुठलेकुठले. स्वतःचं साधं जनरेटर नाही, पण पत्रकावर गोंडस मांजर आणि "आमच्याकडे या, स्वस्त वीज घ्या." मग जगात इंधन महागलं. यांना वीज चढ्या भावाने घ्यावी लागली आणि आपल्याला कबूल केलेल्या भावाने विकावी लागली. एकामागून एक शटर खाली आलं. मांजर गेलं, गिऱ्हाईक राहिलं.

दुकान बंद झालं म्हणून त्याच दिवशी अंधार होत नाही. तारा त्याच, खांब तेच. तुम्हाला ठरावीक मुदत मिळते. त्या मुदतीत दुसऱ्या दुकानदाराकडे नाव नोंदवायचं. कुणीच घेत नसेल तर त्या भागातली जुनी मोठी कंपनी घराला वीज द्यायला बांधील असते. एक फोन. पण तो फोन तुम्ही करायला हवा. मुदत टळली की तारांची कंपनी लांबूनच मीटर बंद करते. कुणी शिडी घेऊन येत नाही, कुणी बेल वाजवत नाही.

मग लोक वेळेत फोन का करत नाहीत? पहिलं कारण, जपानी अदब. दुकान बंद करतानाचं एक पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. सुरुवात अशी: पानं रंगू लागलेल्या या ऋतूत आपण सर्व कुशल असाल. मग आजवरच्या लोभाबद्दल आभार. मग परिस्थितीबद्दल खेद. मग पुन्हा आभार. तुमची वीज बंद होणार आहे हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदाच्या पोटात, तेही असं वाकून उभं की दिसूच नये. आपले लोक फोनमधल्या ॲपने भाषांतर करतात, पहिल्या चार ओळींत आभार दिसतात, आणि "थँक्यू लेटर आहे" म्हणून पत्र कागदाच्या कचऱ्यात जातं. वर्गीकरण मात्र अचूक.

दुसरं कारण आपली अदब. कोतोतल्या कुलकर्णी काकू. काकांच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांची विजेची कंपनी बुडाली त्याच आठवड्यात दारात सुटातला एक तरुण उभा. "वीज बंद होणार आहे, मी मदत करतो, फक्त जुनं बिल दाखवा." काकूंनी त्याला आत बसवलं, चहा दिला, चिवडा दिला, बिलही दिलं. त्याने बिलावरचा मीटरचा लांबलचक क्रमांक फोटोत घेतला, दुकानदार बदलायला तेवढा पुरतो, आणि काकू त्याच्या कंपनीच्या गिऱ्हाईक झाल्या. वर्ष संपायच्या आत तीही कंपनी बुडाली.

"काकू, अनोळखी माणसाला बिल कशाला दाखवलंत?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"अगं, कमरेत वाकून नमस्कार केला त्याने. रिकामं कसं पाठवायचं?"

"मग चहावर थांबायचं होतं."

"चिवडा त्याला फार आवडला गं," काकू म्हणाल्या आणि थोड्या वेळाने, "जळका द्यायला हवा होता."

आणि तिसरं कारण म्हणजे फोनवरची ती शांतता. त्याचीच गोष्ट सांगायला बसले आहे.

आपल्या लोकांत इथे एक पद्धत आहे. पोस्टिंग संपून कुटुंब परत निघालं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सायोनारा सेल लागतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, पुढे मुलाची सीट लावलेली सायकल, पुरणयंत्र. अनेकदा घरही ओळखीतल्याच कुणाकडे जातं. घरमालकाशी नवा करार रीतसर होतो, कारण त्याशिवाय किल्ली मिळत नाही. पण लाइट? लाइट चालूच असते. मग जाणारा म्हणतो, "माझ्याच नावावर राहू दे, पावती दर महिन्याला पोस्टाने येते, कोंबिनीत भरत जा." नवा माणूस म्हणतो, "बरं झालं, एक जपानी फोन वाचला." चालू आहे ते चालू दे. कोपऱ्यावरचं कोंबिनी, म्हणजे सगळं मिळणारं छोटं दुकान, चोवीस तास उघडं, तिथल्या मुलाला पावतीवरच्या नावाशी देणंघेणं नाही. पुढे हा माणूसही जातो, तिसरा येतो. नदीपलीकडच्या इचिकावात मी असं घर पाहिलं आहे जिथली वीज अशा गृहस्थांच्या नावावर होती, ज्यांना त्या घरात राहणाऱ्या कुणीही कधी पाहिलं नव्हतं.

अनघाचा फोन आला तेव्हा ती भारतीय शाळेत नोकरीवर होती, मधल्या सुट्टीत जिन्यात उभी राहून बोलत होती. हिवाळा होता. तिच्या टपालपेटीत तारांच्या कंपनीचा कागद आला होता, वर लाल पट्टी.

"लाइट गेलीय का?"

"नाही. परवानंतर बंद होईल असं लिहिलंय. निदान मला तरी तसं वाटतंय."

"कुणाच्या नावावर आहे?"

शांतता. मग, "जोशींच्या."

"जोशी कोण?"

"आमच्या आधी राहायचे. पुण्याला गेले."

बुडालेल्या वीज कंपनीची सगळी पत्रं जोशींच्या जुन्या ईमेलवर गेली होती. तो ईमेल जोशींनी विमानतळावरच सोडून दिला असावा. मी म्हटलं, "ठीक आहे, सोपं आहे. मोठ्या कंपनीला फोन करा, आम्ही इथे राहतो, आमच्या नावाने वीज द्या म्हणा. दहा मिनिटांचं काम."

"ताई, ते ह्यांना पटत नाही," ती म्हणाली. आणि आवाज खाली आणून, "आमच्या आईंना रात्री ऑक्सिजन लागतो. मशीन विजेवर चालतं."

इथे मी खुर्चीत सरळ बसले.

आई म्हणजे तिच्या सासूबाई. मुंबईत बँकेत आयुष्य काढलेल्या. नात लहान, दोघं नोकरी करणारे, म्हणून त्यांना इथे राहायचा परवाना मिळाला होता. थंडी सुरू होताना न्यूमोनिया झाला, बऱ्या झाल्या, पण फुप्फुसं कमजोर राहिली. हॉस्पिटलने घरी ऑक्सिजनचं यंत्र दिलं. अडचणीसाठी एक छोटा सिलिंडर, तो काही तास पुरेल इतकाच.

आणि ह्यांना पटत नाही, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सतीशला. बँकेत चांगल्या हुद्द्यावरचा माणूस. त्याने कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की इथे सगळं तपासतात, दुसऱ्याच्या नावाची वीज वापरली हे कळलं की फसवणुकीत धरतील, अर्ज गेलाच. मी त्याला फोन केला. समजावलं, की पैसे वेळेवर भरलेत, चोरी केलेली नाही, वीज कंपनीला फक्त आजचं नाव हवं असतं.

"तुम्ही पत्रक वाचून दाखवताय," तो म्हणाला. "तुमचं काय जातंय? अर्ज माझा आहे."

खरं सांगते, फोन आपटावासा वाटला. दिवसभर हेच ऐकायचं. बुडणारी कंपनी नामानिराळी, मांजर नामानिराळं, आणि शेवटी भांडायचं कुणाशी, तर मदत मागणाऱ्याशी.

सतीशने मग काय केलं ते अनघाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. बुडालेल्या कंपनीचा चौकशीचा नंबर अजून चालू होता, तिथे त्याने जोशी म्हणून फोन केला. एवढ्या हुद्द्यावरचा माणूस, घसा खाकरून, "मी जोशी बोलतोय." पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "जोशी-सामा, खातरजमेसाठी आपली जन्मतारीख सांगता का?" याने स्वतःची सांगितली. "क्षमा करा, नोंदणीत थोडी वेगळी दिसते आहे." याने जाहीर केलं की तो आता बोगद्यात शिरतोय, आणि फोन कापला. घरातल्या सोफ्यावर बसून.

मग पुण्याला जोशींना फोन. जोशी तिथे लग्नाच्या पंगतीत. म्हणाले, "अरे, अजून माझ्या नावावर आहे? वा! म्हणजे मी अजून जपानात आहे की!" आणि जपानी बोलायची सवय गेली म्हणून फोन करायला नम्र नकार.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी, इचिकावाला गेले. ओगावा-सान म्हणाले, "आपण घरी जात नाही. फोनवर मदत करतो." मी म्हटलं, "माहीत आहे." त्यांनी माझ्या पिशवीत एक चार्ज केलेली बॅटरी आणून ठेवली. फोन चार्ज करण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता, पण ठेवली.

नदी ओलांडली की गाडी रिकामी होते. स्टेशनपासून चालत गेले. दारावरच्या पाटीवर अजून जोशी. सतीशने दार उघडलं आणि मला पाहून ओशाळला. फोनवर माणूस मोठा असतो, दारात घरच्या चपला घालून उभा राहिला की आपल्याच वयाचा निघतो.

आतल्या खोलीत ते यंत्र चालू होतं. आदल्या रात्री त्रास झाला म्हणून दिवसाही लावलं होतं. पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे येत होते. चार वर्षांची ईरा त्याला बुकुबुकु-सान म्हणते. मला तिने जपानीत दटावलं, "बुकुबुकु-सान काम करतोय, हळू बोल."

आई पलंगावर बसल्या होत्या, नाकाला नळी, हातात लसूण. सोलत होत्या.

"तूच का ती पत्रकवाली?" त्यांनी विचारलं. "बस. हे काय चाललंय ते मला कुणी नीट सांगत नाही. मी विचारलं की अनघा म्हणते, सर्व्हर डाऊन आहे."

अनघाने मान खाली घातली. मी सांगितलं. कंपनी बुडाली इथपासून बोगद्यापर्यंत सगळं. सतीश म्हणाला, "अहो, कशाला तिला…"

"मला कळतं रे," आई म्हणाल्या. "मग अडलंय कुठे? आपण इथे राहतो, आपलं नाव सांग."

"आई, तुला नाही कळणार. अर्ज अडकेल. इतकी वर्षं काढली त्यासाठी. ईराच्या शाळेचं, घराच्या कर्जाचं, सगळं त्यावर आहे. एकदा ते आलं की मग शांतपणे बदलू."

"आणि उद्या मशीन बंद पडलं तर?"

"सिलिंडर आहे. पुढचं बघू. हॉस्पिटलला नेऊ."

बुडबुडे तेवढे येत राहिले. आईंनी हातातली पाकळी सोलून ताटलीत ठेवली.

"सतीश," त्या म्हणाल्या, "जोशींचा फ्रिज वापरला, चालेल. जोशींची सायकल चालवलीस, चालेल. पण श्वासही मी जोशींच्याच नावाने घेऊ का?"

त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. तेवढी हवाच नव्हती त्यांच्यात. सतीश उठून खिडकीपाशी गेला, बाहेर बघत उभा राहिला, आणि मग खिशातून फोन काढला. मला म्हणाला, "स्पीकरवर ठेवतो. अडलो तर तुम्ही बोला."

पलीकडून तसाच गोड आवाज. नाव? त्याने स्वतःचं सांगितलं. पत्ता? सांगितला. मग त्याला ज्याची धास्ती होती तो प्रश्न आला, "इथे कधीपासून राहता?" सतीशने आईकडे बघितलं. आईंनी मान हलवली. त्याने खरं सांगितलं. आधीच्या भाडेकरूंच्या नावावर होती, आम्ही बदललं नाही, हेही सांगून टाकलं, कुणी विचारलं नसताना.

"समजलं," बाई म्हणाल्या. "तर आजपासून आपल्या नावाने नोंद करते."

बस्स. सतीश पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. ते आलंच नाही. त्याऐवजी बाईंनी विचारलं, "घरात विजेवर चालणारं वैद्यकीय उपकरण वापरणारं कुणी आहे का?"

सतीशने फोन माझ्यापुढे धरला. मी सांगितलं. बाईंचा सूर बदलला. तारांच्या कंपनीकडेही हे नोंदवून ठेवा, म्हणजे वीज गेलीच तर त्यांना माहीत असेल, असं म्हणून त्यांनी क्रमांक दिला आणि शेवटी, "आजींना जपा, थंडी आहे."

म्हणजे त्या घरात असं यंत्र आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीच्या लेखी तिथे जोशी राहत होते आणि जोशींची फुप्फुसं ठणठणीत होती.

त्यानंतर काय झालं? काहीच नाही. दिवे लुकलुकले नाहीत, यंत्र थांबलं नाही. आमच्या धंद्यातलं यश हे असं असतं. त्याचा फोटो काढता येत नाही, अहवालात छापता येत नाही. आईसुद्धा थोड्या हिरमुसल्या. "एवढंच? निदान एकदा लुकलुकायला तरी हवं होतं." मग मला लसणाची चटणी बांधून दिली.

हे सगळं लिहून मी कुणाचं भलं करते आहे असं वाटत नाही. बाजार उघडणाऱ्यांनी उघडला, दुकानं टाकणाऱ्यांनी टाकली, आणि निस्तरायला आम्ही, सायकल दुकानाच्या वर. पत्रकं मी आजही लिहिते. "कनेक्शन तुमच्या नावावर करा" हे पाच भाषांत लिहिलं आहे. इंडियन दुकानात गव्हाच्या पिठाच्या पिशव्यांशेजारी ते ठेवलेलं असतं, आणि लोक त्यावर सामानाची यादी लिहितात. मी पाहिलं आहे.

सतीशचा परवाना यथावकाश आला. त्याने इचिकावातच मोठं घर घेतलं. आणि मग एका दुपारी ग्रुपवर त्याचाच मेसेज. सायोनारा सेल. जेवणाचं टेबल, दोन सायकली, हीटर. खाली ओळ: "घर ओळखीत द्यायचं आहे. लाइट माझ्या नावावर चालू आहे, चालूच राहील, नो टेन्शन."

मी ते वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. राग नाही आला, हेच वाईट वाटलं. मग उचलला, मोठं काहीतरी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

तेवढ्यात ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला. लावला. आधी बुडबुडे. मग आईंचा आवाज.

"सतीश, ती लाइटची ओळ काढ. नाहीतर मी इथे सगळ्यांना जोशींच्या बोगद्याची गोष्ट सांगते."

जाहिरात गायब झाली. थोड्या वेळाने पुन्हा आली, त्या ओळीशिवाय. कुणीतरी हसण्याची चिन्हं टाकली. बोगदा कुठला, म्हणून कुणीतरी विचारलं. मग ग्रुप नेहमीप्रमाणे कोथिंबीर कुठे मिळते याकडे वळला.

त्या आठवड्यात या विषयावर मला एक फोन आला. एकच. आवाज तरुण, नवीन आलेली मुलगी.

"लाइट गेलीय का?" मी सवयीने विचारलं.

"नाही हो ताई. कंपनीपण बंद पडलेली नाहीये. पण नाव आधीच्या माणसाचं आहे. ग्रुपवर त्या आजींचं ऐकलं. म्हटलं, काही व्हायच्या आधीच विचारावं."

काही व्हायच्या आधी. इतक्या वर्षांत हे वाक्य मी फोनवर ऐकलं नव्हतं. मी तिला थांबायला सांगितलं, ओगावा-सानना हाक मारली आणि फोन स्पीकरवर टाकला.

"पुन्हा सांग गं," मी म्हटलं.

तिने पुन्हा सांगितलं. ओगावा-सानना मराठीचा एक शब्द येत नाही. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं.